शर्यतीच्या घोड्यांची अल्ट्रासाऊंड अस्थितपासणी

शर्यतीच्या घोड्याच्या पायाचे हाड कितपत मजबूत आहे, हे अल्ट्रासाऊंडने (श्राव्यातीत ध्वनीने) अजमावण्याची पद्धत. तपासणी बहुधा पुढच्या पायाच्या नळीच्या हाडाची, म्हणजे तिसऱ्या करभास्थीची होते.

भरधाव धावताना घोड्याचा सारा भार क्षणभर एकाच पुढच्या पायावर येतो. थरोब्रेड (शर्यतींसाठी पैदास केलेल्या जातीचे) घोडे जेमतेम दोन वर्षांचे असताना सरावाला लागतात. तेव्हा हे हाड अजून घडत असते. वाढता भार पेलण्यासाठी शरीर हाडाची पुनर्रचना करते. त्यात जुने हाड आधी पोखरले जाते आणि ती जागा नव्या हाडाने भरायला काही महिने लागतात. मधल्या काळात हाड सच्छिद्र आणि कमकुवत राहते. सराव मात्र थांबत नाही. मग नळीची पुढची बाजू सुजते, दुखू लागते आणि पुढे तिथेच तडा जाऊ शकतो. इंग्रजी भाषक देशांत या विकाराला ‘बक्ड शिन्स’ म्हणतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे डेव्हिड नुनामेकर यांनी त्याचा दीर्घ अभ्यास केला. लांब पल्ल्याच्या संथ दौडीने हाड शर्यतीसाठी तयार होत नाही, सरावात कमी अंतराच्या वेगवान धावा हव्यात, हा त्यांचा निष्कर्ष घोड्यांच्या दृष्टीने फार मोलाचा आहे.

ध्वनी मऊ ऊतींतून सेकंदाला सुमारे 1,540 मीटर वेगाने जातो. नळीच्या टणक हाडातून साधारण 4,000 मीटर. हाडाच्या लांबीच्या दिशेने ठरावीक अंतरावर प्रेषक आणि ग्राहक टेकवून पहिली लहर पोहोचायला लागणारा वेळ मोजतात आणि त्यावरून ध्वनीचा वेग काढतात. हा वेग हाडाची घनता आणि ताठरपणा या दोन्हींवर अवलंबून असतो. 1980च्या दशकात पशुवैद्यक संशोधक लिओ जेफकॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी घोड्यांवर ही पद्धत वापरून पाहिली. साध्या एक्स-रेमध्ये खनिजांची घट दिसायला ती साधारण 30 टक्क्यांच्या पुढे जावी लागते, म्हणून अशा मापनाची गरज होती. शिवाय यात किरणोत्सर्ग नाही आणि छोटे यंत्र पागेतच नेता येते.

तरीही एका आकड्यावरून घोडा धावण्यास योग्य ठरवणे चूक आहे. वयानुसार ध्वनीचा वेग बदलतो; प्रोब (हाडावर टेकवलेले उपकरण) किंचित सरकला किंवा तिरका झाला तरी आकडा हलतो. त्याच घोड्याच्या त्याच जागेची मापे सरावाच्या हंगामात पुन्हापुन्हा घेऊन ताडून पाहावीत, यातच या पद्धतीचा खरा उपयोग आहे.

चित्र दाखवणाऱ्या नेहमीच्या अल्ट्रासाऊंडचे काम वेगळे. हाडाच्या पृष्ठभागावरून ध्वनी परावर्तित होतो, त्यामुळे आतले काही दिसत नाही; पण पृष्ठभागावरची पायरी, खंड किंवा भरून येणाऱ्या तड्यावरची नवी अस्थी चांगली दिसते. मांसाखाली खोल असलेल्या श्रोणीच्या (कमरेच्या) हाडातील तडे शोधायला पशुवैद्य याचाच आधार घेतात, कारण तिथला एक्स-रे उभ्या घोड्यात काढणे अवघड असते. नळीच्या खालच्या टोकाशी, सांध्याच्या आत सुरू होणारी इजा मात्र दोन्ही पद्धतींतून निसटते. तिच्यासाठी अस्थी-सिंटिग्राफी (किरणोत्सारी द्रव्य टोचून हाडाचे चित्र घेणे), उभ्या घोड्याचा एमआरआय किंवा पेट स्कॅन (किरणोत्सारी द्रव्य वापरूनच घेतलेले त्रिमितीय चित्र) करावा लागतो. कॅलिफोर्नियातील सांता अनिता रेसकोर्सवर असे पेट यंत्र 2019च्या अखेरीस बसवले गेले.