गाडी लहान होते, बसणारा होत नाही

आपल्याकडे लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्या ओढणाऱ्या वॅप-7 या विजेच्या इंजिनाचं वजन 123 टन असतं. ते ज्या ब्रॉडगेजवर धावतं, तिच्या दोन रुळांमधलं अंतर 1676 मिलिमीटर. हेच अंतर 184 मिलिमीटरवर, म्हणजे सव्वासात इंचांवर आणलं, तर गाडीची सगळी मापं साधारण नवव्या हिश्शाची होतात. वजन मात्र नवव्या हिश्शाचं होत नाही. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही नऊ पटींनी घटतात, त्यामुळे घनफळ 729 पटींनी घटतं. 123 टनांचं इंजिन सुमारे 170 किलोवर येतं. चार माणसांनी उचलून टेम्पोत ठेवावं, एवढं.

घरामागच्या जागेत रूळ टाकून त्यावर खरोखर बसून फिरता येईल अशी रेल्वे बांधण्याचा छंद जगात अनेक ठिकाणी जोपासला जातो आणि सव्वासात इंच हे त्यातलं फार लाडकं माप आहे. वॉल्ट डिस्ने यांनी 1950 साली लॉस एंजेलिसमधल्या आपल्या घराच्या आवारात याच मापाचे रूळ टाकले होते. त्यांचं वाफेचं इंजिन खऱ्याच्या एक अष्टमांश होतं आणि ते माणसांना घेऊन जवळपास 800 मीटर फिरत असे.

गंमत पुढे आहे. इंजिन लहान झालं, डबे लहान झाले, पण त्यावर बसणारा माणूस 65 किलोचाच राहिला. त्या छोट्या जगातून पाहिलं तर तो किती जड आहे? 65 ला 729 नं गुणा. उत्तर येतं 47 टन. अख्ख्या प्रवासी डब्याच्या आसपासचं हे वजन एकटा माणूस घेऊन बसतो, आणि तेही डब्यात नाही, डब्याच्या टपावर. मला ही रेल्वे खेळणं वाटत नाही ती यामुळेच. मोठ्या रेल्वेची नक्कल करून ती बांधता येत नाही, तिचा विचार नव्यानं करावा लागतो.

हा विचार सर्वांत आधी नीट केला तो इंग्लंडमधल्या सर आर्थर हेवूड यांनी. त्यांनी आधी नऊ इंची रुळांवर गाडी चालवून पाहिली. माणसं बसवल्यावर ती पुरेशी स्थिर राहत नाही, असं त्यांना आढळलं. मग 1874 मध्ये डर्बीशायरमधल्या डफिल्ड बँक इथं त्यांनी 15 इंची, म्हणजे 381 मिलिमीटरची रेल्वे सुरू केली आणि माणसं व माल सुरक्षित नेणारं सर्वांत लहान माप हेच, असा आग्रह धरला. आजचे हौशी लोक त्याच्या निम्म्याहून कमी मापावर माणसं फिरवतात. हे जमतं कसं?

उत्तर गुरुत्वमध्यात आहे. समजा, सोलापूरच्या बाहेर कुणाकडे पाच गुंठ्यांचा चौरस तुकडा आहे. त्यात साडेनऊ मीटर त्रिज्येचं वर्तुळ बसतं आणि रुळांची लांबी 60 मीटर भरते. डबा आणि माणूस यांचा एकत्रित गुरुत्वमध्य रुळांपासून 55 सेंटिमीटर उंचीवर असेल, तर वळणावर ताशी 14 किलोमीटरला आतली चाकं उचलली जातील. ताशी सात किलोमीटरला मात्र बाहेर फेकणारा जोर निम्मा नाही, चौथा हिस्सा होतो, कारण तो वेगाच्या वर्गानं बदलतो. हळू चालवण्याचा फायदा इतका मोठा आहे. दुसरा उपाय म्हणजे बसायची जागा शक्य तितकी खाली घेणं आणि बॅटरीसारखं जड सामान तिच्याही खाली ठेवणं.

पण धोका वळणावरच असतो असं नाही. मधल्या रेषेपासून एक रूळ जेमतेम नऊ सेंटिमीटरवर आहे. उभ्या गाडीतसुद्धा खाली पडलेली चप्पल उचलायला कुणी बाजूला पुरेसं वाकलं आणि एकत्रित गुरुत्वमध्य त्या नऊ सेंटिमीटरांपलीकडे गेला, की डबा कलंडलाच. म्हणून मुलांना बसवताना ‘बाहेर वाकायचं नाही’ हे सांगणं हा या रेल्वेच्या यंत्रणेचाच भाग आहे.

वर्तुळाकार रुळांची एक गोष्ट मला फार आवडते. एक फेरी पुरी होईपर्यंत बाहेरच्या रुळावरचं चाक आतल्यापेक्षा किती जास्त चालतं? दोन गुणिले पाय गुणिले रुळांमधलं अंतर. त्रिज्या या हिशेबात येतच नाही! वर्तुळ तुळशी वृंदावनाभोवती असो किंवा सगळ्या सोलापूर शहराभोवती, 184 मिलिमीटरच्या रुळांवर हा फरक 1 मीटर 16 सेंटिमीटरच राहतो.

आता रेल्वेची दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात, एक जास्त आणि एक कमी फिरू शकत नाही. मोठ्या रेल्वेनं यावर सुंदर तोड काढली आहे. चाकाचा रुळावर टेकणारा भाग सपाट नसतो, बाहेरच्या बाजूला किंचित निमुळता असतो. वळणावर चाकजोडी बाहेर सरकते, बाहेरचं चाक आपल्या जाड भागावर फिरतं, आतलं बारीक भागावर, आणि फरक आपोआप भरून निघतो. आपल्या साडेनऊ मीटरच्या वळणावर हे पुरतं का? चाक 100 मिलिमीटर व्यासाचं आणि निमुळतेपणा 20 ला 1 धरला, तर चाकजोडीला जवळजवळ दहा मिलिमीटर बाजूला सरकावं लागेल. फ्लँज, म्हणजे चाकाची आतली उभी कड, तीनएक मिलिमीटरमध्येच रुळाला टेकते. उरलेला फरक चाक घासटूनच भरून काढतं. छोट्या रेल्वेचं वळणावरचं किंचाळणं हेच असतं. तिथं ग्रीसचं बोट फिरवावं, पण फक्त रुळाच्या आतल्या कडेला, माथ्यावर नाही.

फ्लँजचीही वेगळी कथा आहे. मोठ्या चाकाची फ्लँज सुमारे 28 मिलिमीटर खोल असते. नवव्या हिश्शानं ती तीन मिलिमीटर व्हायला हवी. प्रत्यक्षात बनवणारे पाच-सहा ठेवतात, कारण खडीचा बारका खडा, चिंचेचा चिंचोका आणि वाऱ्यानं आलेली माती नवव्या हिश्शाची होत नाही.

रूळ कशाचे करायचे? लोखंडाच्या दुकानात मिळणारी 25 बाय 10 मिलिमीटरची पट्टी उभी लावून स्लीपरला, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्टीला, वेल्ड केली तरी काम भागतं. दोन मोठी माणसं आणि डबा मिळून 180 किलो धरले आणि डब्याला आठ चाकं असली, तर एका चाकावर 22-23 किलो येतात. वीस सेंटिमीटरवर एक स्लीपर असेल, तर पट्टीतला ताण तिच्या सहनशक्तीच्या विसाव्या हिश्शाइतकाही होत नाही. पट्टी वाकणार नाही. हलेल ती खालची जमीन.

भार जास्त चाकांवर वाटण्याची ही युक्ती सोलापूर जिल्ह्यानं फार मोठ्या प्रमाणावर पाहिलेली आहे. 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली. अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी 762 मिलिमीटरच्या या रेल्वेसाठी एकच नियम घातला: इंजिन असो, डबा असो वा मालाची वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. त्यामुळे मीटरला सुमारे 15 किलो वजनाचे हलके रूळ पुरले. आज मुख्य मार्गांवर 60 किलोचे रूळ असतात. इंजिन जड हवं तर त्याला आस वाढवा, हा त्यांचा मार्ग होता आणि बार्शी लाईटची पहिली इंजिनं म्हणूनच सहा आसांची होती. आता तो मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. पण अरुंद रुळांवर विचार कसा करावा हे शिकायला मला कॅलथ्रॉप यांच्याइतका चांगला गुरू दुसरा दिसत नाही, आणि त्यांचं मोठं काम आपल्या जिल्ह्यात झालं याचा अभिमानही वाटतो.

जमिनीकडे येऊ. सोलापुरात कुठे हातभर खणल्यावर मुरूम लागतो, तर कुठे खोल काळी माती. काळ्या मातीतल्या चिकणमातीचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे असतात. पाणी त्या पापुद्र्यांमध्ये शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात ते निघून जातं, माती आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. सगळी जमीन सारखी वर-खाली झाली असती तर चाललं असतं. पण बागेत आंब्याच्या आळ्याला रोज पाणी असतं आणि चार पावलांवरची जमीन कोरडी ठाक. मग एक रूळ वर, दुसरा खाली, आणि पुढच्या मीटरला उलटं. रुळांना असा पीळ पडणं हे छोट्या गाड्या घसरण्याचं फार मोठं कारण आहे. ताठ चौकटीच्या चारचाकी डब्याचं एक चाक अशा जागी अधांतरी राहतं, त्यावरचा भार जातो आणि फ्लँज सहज रुळावर चढते.

यावर दोन बाजूंनी इलाज करावा लागतो. खाली काळी माती फूटभर काढून मुरूम भरायचा, धुम्मसनं ठोकायचा, पाणी जायला चर ठेवायची आणि वर बारीक खडी पसरायची. आपला काळा दगड खडीला उत्तम, त्याचे कोनेदार तुकडे एकमेकांत अडकून स्लीपर धरून ठेवतात. वर डब्याला तीन टेकू द्यायचे: एका बोगीवर, म्हणजे डब्याखालच्या चार चाकांच्या चौकटीवर, तो दोन्ही बाजूंना टेकतो, दुसरीवर फक्त मध्यभागी. तीन पायांची तिपाई कुठल्याही फरशीवर डुगडुगत नाही, तसाच हा डबा पिळलेल्या रुळांवरही आठही चाकं टेकवून चालतो.

सोलापूरचं ऊन हा तर स्वतंत्र विषय आहे. थंडीतल्या पहाटेचा रूळ आणि मे महिन्याच्या दुपारी तापलेला रूळ यांच्यात 50 अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यानं 60 मीटर पोलाद 36 मिलिमीटर वाढतं, अॅल्युमिनियम जवळपास दुप्पट. पाश्चात्त्य देशांत हलके अॅल्युमिनियमचे रूळ खूप वापरतात, पण आपल्या हवेत मी पोलादाच्याच बाजूनं उभा राहीन. मोठ्या रेल्वेत लांबच लांब जोडलेले रूळ जड स्लीपर आणि खडी दाबून धरतात, तरी उन्हाळ्यात गस्त घालावी लागते. बागेतल्या हलक्या स्लीपरना तो जोर पेलणार नाही. म्हणून तीन मीटरच्या तुकड्यांमध्ये फिशप्लेटच्या, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीच्या, सांध्यात फट ठेवायची, थंडीत दोनेक मिलिमीटर, उन्हाळ्यात काम करत असाल तर जवळजवळ शून्य. आणि रूळ काँक्रीटमध्ये गाडायचे नाहीत. वर्तुळ मोकळं असेल तर 36 मिलिमीटरची वाढ त्रिज्येत फक्त सहा मिलिमीटर होऊन पसरते आणि खडी ती मुकाट्यानं सामावून घेते.

गाडी ओढायला जोर किती लागतो हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. इंजिन, दोन डबे आणि चार माणसं मिळून 550 किलो. लहान चाकांमुळे मोठ्या रेल्वेपेक्षा विरोध कितीतरी जास्त, वजनाच्या दीड टक्का धरू. तरी सपाटीवर आठ किलोचा जोर पुरतो आणि ताशी सात किलोमीटरला शक्ती लागते 160 वॉट. स्वयंपाकघरातला मिक्सर 500 वॉटचा असतो. ई-रिक्षाची मोटर तर याहूनही मोठी आणि तिचे सुटे भाग शहरात मिळतात. चढ मात्र महाग पडतो. 50 ला 1 चढावर, म्हणजे 50 मीटरला एक मीटर चढताना, आणखी 11 किलो जोर हवा, म्हणजे शक्ती दुपटीहून जास्त. खंडाळ्याच्या घाटात 37 ला 1 चढासाठी गाडीला जादा इंजिनं का लावावी लागतात, ते यावरून कळतं.

वाफेचं इंजिन बनवणाऱ्यांबद्दल मला नितांत आदर आहे, कारण तिथं लहानपणा उलटा बाधतो. बॉयलर लहान झाला की पाण्याच्या मानानं त्याचा पृष्ठभाग वाढतो, उष्णता भराभर निसटते. पाणीही थोडंच असतं, त्यामुळे पातळी दाखवणाऱ्या काचेवरून नजर हटवता येत नाही. सोलापुरातलं बोअरचं जड पाणी त्यात घालू नये, क्षारांचा थर बसून नळ्या चोंदतात; पावसाचं साठवलेलं पाणी चांगलं. आणि बॉयलरची चाचणी नेहमी गार पाण्यानं, दाब वाढवून करतात. पाणी जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे सांधा फुटला तर नुसती चिळकांडी उडते. तोच सांधा वाफेखाली फुटला तर 160 अंशांच्या पुढचं पाणी क्षणात वाफ होऊन स्फोट होतो.

राहिला ब्रेक. ताशी सात किलोमीटर म्हणजे सेकंदाला दोन मीटर. फक्त इंजिनाला ब्रेक असेल, तर कोरड्या सपाट रुळांवर 550 किलोची गाडी तीनएक मीटरमध्ये थांबते. 50 ला 1 उतार असेल आणि रुळाच्या माथ्यावर तेल किंवा पहिल्या पावसाचा चिखल असेल, तर तीच गाडी आठ मीटर जाते, कारण चाकांची पकड इंजिनाच्या 170 किलोंवरच मिळते आणि ढकलणारं वजन मात्र 550 किलोंचं असतं. म्हणून ब्रेक डब्यांनाही हवेत, आणि तेही मोठ्या रेल्वेसारखे, नळीतला हवेचा दाब गेला की आपोआप लागणारे: इथं ते स्प्रिंगनं लागलेले असायचे आणि चालवणाऱ्यानं हवेच्या दाबानं ते मोकळे करायचे. मग चढावर कपलिंग तुटून मागचा डबा सुटला, तर हवेची नळीही तुटते आणि तो डबा मुलांसकट आपणहून जागीच थांबतो.