एरर कोणाची, ते आधी बघा: स्वतःच्या संगणकावर वेब सर्व्हर आणि डेटाबेस

ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ टाइप करून एंटर दाबलं, तर मागणी संगणकाच्या बाहेर जातच नाही. या नावामागचा १२७.०.०.१ हा पत्ता प्रत्येक संगणक स्वतःसाठी राखून ठेवतो. त्यावर पाठवलेला डेटा ऑपरेटिंग सिस्टिम आतल्या आतच फिरवते, त्यामुळे इंटरनेट बंद असतानाही वेबसाइट बनवण्याचा सराव करता येतो. त्यासाठी तीन प्रोग्रॅम लागतात: मागणी घेऊन उत्तर देणारा अपाची, पान तयार करणारी पीएचपी आणि माहिती साठवणारा मायएसक्यूएल. तिन्हींचा जन्म १९९५ सालचा.

हे तिन्ही सुटे घेऊन जोडता येतात, पण पहिल्याच खेपेला त्या भानगडीत पडू नये. झॅम्प या मोफत संचात सगळं जोडूनच मिळतं. विंडोजवर तो थेट सी ड्राइव्हवर टाकावा. ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये टाकला तर फाइल लिहिण्याच्या परवानगीवरून कटकटी होतात. झॅम्पच्या कंट्रोल पॅनलवर अपाची आणि मायएसक्यूएलपुढचं ‘स्टार्ट’ दाबायचं. त्या मायएसक्यूएलच्या बटणामागे २०१५पासून खरं तर मारियाडीबी हा मायएसक्यूएलमधूनच निघालेला डेटाबेस आहे. नवशिक्याला लागतील त्या आज्ञा दोन्हींत सारख्याच, त्यामुळे काही अडत नाही.

अपाची सुरू होऊन लगेच बंद पडला, तर बहुतेक वेळा भांडण पोर्टचं, म्हणजे संगणकात शिरण्याच्या क्रमांक दिलेल्या दाराचं असतं. अपाचीला ८० आणि ४४३ हे पोर्ट लागतात, डेटाबेसला ३३०६. एका पोर्टवर साधारणपणे एकच प्रोग्रॅम कान देऊन बसू शकतो. पॅनलमधलं ‘नेटस्टॅट’ बटण दाबलं की जागा कोणी अडवली ते दिसतं. तिथे प्रोसेस क्रमांक ४ दिसला तर पोर्ट विंडोजनेच धरलेला आहे, आणि अनेकदा त्यामागे आयआयएस हा विंडोजचा स्वतःचा वेब सर्व्हर असतो. त्याची सेवा थांबवा, नाहीतर अपाचीच्या कॉन्फिगरेशन फाइलमधल्या ‘लिसन’ ओळीत ८०च्या जागी ८०८० लिहा. मग मात्र पत्त्यातही लोकलहोस्टनंतर कोलन देऊन ८०८० लिहावं लागतं, कारण साध्या एचटीटीपी पत्त्याला ब्राउझर आपणहून ८०च धरून चालतो.

त्याच फाइलमध्ये असताना आणखी एक गोष्ट करून टाका. नुसतं ‘लिसन ८०’ असेल तर अपाची सगळ्या नेटवर्कसाठी उघडा असतो, आणि फायरवॉलने अडवलं नाही तर त्याच वायफायवरचा कुणीही तुमचं अर्धवट पान पाहू शकतो. पोर्टच्या आधी १२७.०.०.१ आणि कोलन लिहिलं की त्या पोर्टचं दार बाहेरच्यांना बंद.

आपल्या फाइली ‘एचटीडॉक्स’ फोल्डरमध्ये ठेवायच्या. फाइलवर डबलक्लिक करून पान उघडू नका. तसं केलं तर अपाची मध्ये येतच नाही आणि पीएचपीचा कोड चालत नाही. नोटपॅड फाइलच्या नावाला गुपचूप ‘डॉट टीएक्सटी’ जोडतो, म्हणून विंडोजमध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे नावाचं हे शेपूट, दिसण्याची सोय आधी चालू करा.

आता एररकडे. नवशिका एरर दिसली की सगळंच पुन्हा इन्स्टॉल करतो, पण ती कोण देतंय हे पाहिलं तर अर्धं काम तिथेच होतं. ‘साइटशी जोडणी होत नाही’ असं सांगतो तो ब्राउझर: अपाची बंद आहे किंवा पोर्ट चुकलाय. ४०४ आला म्हणजे अपाची चालू आहे, फाइलचं नाव किंवा फोल्डर चुकलाय. ‘पार्स एरर’ आणि ओळीचा क्रमांक दिसला तर बोलतेय पीएचपी. चूक बऱ्याचदा त्याच्या वरच्या ओळीत असते, तिथे अर्धविराम राहून गेलेला असतो. एरर क्रमांक २००२ म्हणजे पीएचपीने हाक मारली, पण डेटाबेसकडून ओ आली नाही. १०४५ दिसला तर थोडं हायसं वाटायला हरकत नाही, कारण डेटाबेसपर्यंत पोचलात, फक्त नाव किंवा पासवर्ड जुळत नाही. १०४९ म्हणजे त्या नावाचा डेटाबेसच नाही.

लिनक्सवर २००२ची एक खास तऱ्हा आहे. तिथे पीएचपी ‘लोकलहोस्ट’ हे नाव दिसताच पोर्टऐवजी सॉकेट नावाच्या फाइलवाटे जोडणी करू पाहते आणि ती फाइल ठरल्या जागी नसली की अडते. त्याजागी १२७.०.०.१ लिहिलं की ती सरळ ३३०६ वर जाते.

डेटाबेस पीएचपीमायअ‍ॅडमिन या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या साधनातून बनवता येतो. कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, ‘यूटीएफ८एमबी४’च निवडा. मायएसक्यूएलमधला जुना ‘यूटीएफ८’ एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट देतो. देवनागरी त्यात मावते, पण ४ बाइटांची इमोजी मावत नाही. जोडणी करतानाही हाच सेट सांगा. टेबल जुन्या ‘लॅटिन१’ सेटमध्ये असेल तर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं साठवली जाऊ शकतात आणि तशी साठवल्यावर मूळ मजकूर परत मिळत नाही. झॅम्पमध्ये ‘रूट’ या सर्वाधिकारी वापरकर्त्याला सुरुवातीला पासवर्ड नसतो. सरावासाठीसुद्धा प्रत्येक डेटाबेसला वेगळा वापरकर्ता करून त्याला तेवढेच अधिकार द्यावेत.

संगणक बंद करण्याआधी पॅनलवरून डेटाबेस ‘स्टॉप’ करा, नाहीतर फाइली बिघडून तो पुढच्या वेळी सुरूच न होण्याचा धोका असतो. अशा वेळी ‘आयबीडेटा१’ ही फाइल उडवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका: इनोडीबी या साठवण-पद्धतीतल्या टेबलांची अंतर्गत नोंदवही तिच्यात असते आणि ती गेली की टेबलांची नावं दिसतात, पण ती उघडत नाहीत. त्यापेक्षा काम संपलं की ‘एक्स्पोर्ट’ करून एसक्यूएल फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा.