क्रँकमधले पायडलचे आटे गेले तर करायची दुरुस्ती

सायकलच्या क्रँकला (पायडल ज्याच्या टोकाला असतं त्या फिरत्या दांड्याला) पायडल जिथे बसतं त्या भोकातले आटे झिजले, वाकडे बसून कापले गेले किंवा पायडलसोबत उपटून आले, की ते परत धरतील असे करायचं काम. पायडलची दांडी पोलादी आणि हल्लीचे बरेच क्रँक ॲल्युमिनियमचे, त्यामुळे या भांडणात हरतो क्रँकच.

माप बहुतेक मोठ्या सायकलींना ९/१६ इंच, इंचाला २० आटे. अख्खा एका तुकड्यातला क्रँक असतो अशा लहान मुलांच्या सायकलींना १/२ इंच. उजवीकडे सरळ आटे, डावीकडे उलटे, आणि निम्मा घोळ इथेच होतो. पाना वर धरून पुढच्या चाकाकडे ढकलला की दोन्ही बाजूंना घट्ट होतं, मागे ढकलला की सुटतं, एवढं डोक्यात ठेवलं तरी पुरे. २०१९ मध्ये गोव्यात मिरामारला सुरू झालेल्या आयर्नमन ७०.३ (पोहणं, सायकल आणि धावणं) सारख्या स्पर्धेला विमानाने येणाऱ्यांना पायडल काढून पॅक करावं लागतं, मग घाईत डावं उजवीकडे लावून पान्याने जोर केला की आटे गेलेच म्हणून समजा.

गोव्यात दुसरं कारण खारी हवा. पोलाद आणि ॲल्युमिनियम एकत्र, मध्ये ग्रीस नाही आणि वरून दोना पावलासारख्या किनाऱ्याचा वारा नि चार महिने पाऊस, मग गंज धरून पायडल असं जाम होतं की काढताना आटे घेऊनच बाहेर येतं. जाम असेल तर आधी गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवायचं, पाइप लावून लगेच झटापट करायची नाही.

नुसते बाहेरचे एक-दोन आटे दबले असतील तर टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारून भागतं. टॅप क्रँकच्या आतल्या बाजूने घालायचा म्हणजे शाबूत आटे त्याला वाट दाखवतात (डाव्या क्रँकला उलटाच टॅप लागतो, मागून घातला म्हणून तो सरळ होत नाही). अर्धा फेरा पुढे, थोडा मागे, आणि ॲल्युमिनियमवर रॉकेलचे थेंब सोडत राहायचं नाहीतर चुरा चिकटून नवे आटेही फाटतात.

आटे पूर्ण गेले असतील तर भोक मोठं करून, नवे आटे पाडून त्यात तारेची कॉइल किंवा आतबाहेर आटे असलेली पोलादी बुश बसवतात. बुश जास्त भरवशाची, कारण उभं राहून चढ चढताना अख्ख्या माणसाचा भार त्या एका भोकावर येतो. बुश आटे पकडून ठेवणाऱ्या डिंकाने पक्की करतात आणि डिंक सुकेपर्यंत सायकलला हात लावायचा नाही. भोक हातातल्या ड्रिलने मोठं करू नये, ते जरा जरी तिरकं गेलं तर पायडल तिरकं फिरतं आणि गुडघा बोंबलतो. सायकलवाल्याकडे बुशचा सेट नसेल तर कुंडई किंवा वेर्णाच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लेथवाला शोधावा, फक्त डावे-उजवे आटे आधी स्पष्ट सांगावेत.

एपॉक्सी भरून पायडल चिकटवायची आयडिया फुकट. भोकाजवळ बारीक तडा दिसला तर दुरुस्ती विसरायची. कार्बनच्या क्रँकमधला धातूचा तुकडा हलत असेल तरी तेच. साध्या सायकलचा डावा क्रँक सुटा मिळतो, लांबी (बहुतेक १७० मिमी, मागे कोरलेली असते) आणि ॲक्सलचा प्रकार जुळवून नवा घेतलेला बरा, बुशची खटपट उजव्यासाठी ठेवावी कारण त्याच्यासोबत चेनरिंगही (चेन चढते ती दातेरी चकती) येते आणि खर्च वाढतो. नवीन आट्यांना ग्रीस लावून पायडल आधी हाताने चार-पाच फेरे जायला हवं, मग पाना, आणि पहिल्या राइडनंतर परत एकदा आवळून बघायचं.