पार्श्वभूमी : शुगरचे रुग्ण आणि मेडिकलच्या काउंटरमागचा माणूस
माझ्या आत्याची शुगर दोन महिने तीनशेच्या खाली येईना. डॉक्टरांनी डोस वाढवला, आम्ही तिच्या खाण्यावरून तिला बोललो. शेवटी एका फार्मासिस्टने पिशवी उघडून पाहिली. इन्सुलिनची बाटली 40 युनिटची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट असलेली, आणि सिरिंज केशरी टोपणाची, म्हणजे 100 युनिटच्या बाटलीसाठीची. वीसच्या रेघेपर्यंत भरलं तरी अंगात आठच युनिट जात होते. लाल टोपणाची सिरिंज मिळाली आणि शुगर उतरू लागली. दोन्ही वस्तू एकाच दुकानातून घेतलेल्या; देताना कुणी काही बोललं नव्हतं.

हे न बोलणं कुठून आलं? जुना कंपाउंडर मिक्श्चर बनवायचा, बाटलीला डोसाची कातरलेली कागदी पट्टी चिकटवायचा आणि कसं घ्यायचं ते सांगायचा. औषधांतल्या भेसळीमुळे 1930 मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांची समिती नेमली गेली. पुढे 1940 चा औषध कायदा आणि 1948 चा फार्मसी कायदा आला. नोंदणीकृत फार्मासिस्टला कायद्याने स्थान मिळालं खरं, पण तोवर तयार गोळ्या येऊ लागल्या होत्या. मिक्श्चर गेलं आणि त्याबरोबरचं बोलणंही गेलं.

1990 मध्ये अमेरिकेत हेपलर आणि स्ट्रँड या फार्मसीच्या प्राध्यापकांनी मांडलं की औषधाचा रुग्णाला गुण येतो की नाही, याची जबाबदारी फार्मासिस्टचीही आहे. त्याच दशकात नॉर्थ कॅरोलिनातल्या ॲशव्हिल शहराने मधुमेही कर्मचाऱ्यांना नियमितपणे फार्मासिस्टकडे पाठवलं. त्यांची एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, उतरली, आजारपणाच्या रजा घटल्या, उपचारांचा एकूण खर्चही कमी झाला. आपल्याकडे 2008 मध्ये फार्म.डी. हा रुग्णसेवेवर भर देणारा फार्मसीचा अभ्यासक्रम सुरू झाला. फार्मसी व्यवसायाच्या 2015 च्या नियमांनुसार तर डोस, साठवण, दुष्परिणाम, गोळी चुकली तर काय करायचं, हे फार्मासिस्टने स्वतःहून सांगायचं आहे. देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही असल्याचं आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीतून 2023 मध्ये समोर आलं. ओपीडीत एवढ्यांना समजावून सांगायला डॉक्टरांना वेळ कुठून मिळणार?

सोलापुरात तर हे काम जास्तच नाजूक आहे. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. घरात फ्रीज नसेल तर वापरातली बाटली झाकणाच्या डब्यात घालून माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवा, हे सांगावं लागतं. पूर्व भागात तेलुगूतून, अक्कलकोटकडच्या माणसाला कन्नडमधून. विडी वळणारी बाई हातातलं काम संपेपर्यंत जेवण लांबवते. सकाळी ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी घेतलेली असते. दुपारी शुगर फार उतरून घाम फुटतो, हात कापतात आणि ती त्याला अशक्तपणा समजते. गोळ्या देताना 'मावशी, गोळीनंतर किती वेळानं जेवता?' एवढं विचारलं तरी हे काउंटरवरच कळतं, आणि डॉक्टरांना सांगून गोळीची वेळ किंवा डोस बदलून घेता येतो.