पेटीतली घरघर : कॅबिनेट शांत कसं होत गेलं

सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाला आवाज म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. धोट्याचे माग चालू असलेल्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर असतो. तिथे शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावून ओरडायचं, नाहीतर हातवारे करायचे. माझा भाचा अशाच घरातला. खाली माग, वर राहायच्या खोल्या. आता तो लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो आणि निवेदनही स्वतःच्याच आवाजात टाकतो. रेकॉर्डिंग रात्री, माग थांबल्यावर. परवा म्हणाला, "मामा, माग बंद झाले की मग कळतंय ओ, ह्यो सीपीयूच लै घरघरायलाय. माइकमध्ये सगळं येतंय. आवाज न करणारं एखादं कॅबिनेट सांगा की."

(सीपीयू म्हणजे खरं तर आतली मुख्य चिप, प्रोसेसर. पण आपल्याकडे अख्ख्या पेटीलाच सीपीयू म्हणतात, आणि ते आता बदलायचं नाही.)

नवा संगणक जुळवायचाच होता, म्हणून कॅबिनेटपासून सुरुवात केली. पाहता पाहता लक्षात आलं की 'सायलेंट' असा शिक्का मारून जे विकलं जातं, त्यामागे चाळीसेक वर्षांची ओढाताण आहे. एका बाजूला आवाज पेटीत कोंडू पाहणारे, दुसऱ्या बाजूला तो मुळात होऊच नये म्हणून धडपडणारे. मधल्या काही वर्षांत पहिल्यांची सरशी होती, आज दुसऱ्यांची आहे. आणि सोलापूरसारख्या तापणाऱ्या, तंतू उडणाऱ्या गावाला पहिल्यांचा उपाय कधीच मानवणारा नव्हता, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

घरगुती संगणक सुरुवातीला शांतच होते. १९७७च्या ॲपल टूमध्ये पंखा नव्हता. रॉड होल्ट या इंजिनिअरने त्यासाठी स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा बनवला; जुन्या अवजड ट्रान्सफॉर्मरवाल्या पुरवठ्यापेक्षा तो पुष्कळ कमी तापायचा. आपण एसएमपीएस म्हणतो त्यातली पहिली दोन अक्षरं ह्याच 'स्विच मोड'ची. स्टीव्ह जॉब्ज यांना पंख्याच्या आवाजाचा तिटकारा होता. त्या हट्टापायी १९८०चा ॲपल थ्रीही बिनपंख्याचा निघाला, आणि तापून तापून त्याच्या चिपा खोबणीत सैल होऊ लागल्या. संगणक टेबलापासून दोन-तीन इंच उचलून खाली सोडा, म्हणजे चिपा पुन्हा बसतील, असा सल्ला ग्राहकांना दिला गेल्याची कथा प्रसिद्ध आहे. आपल्याकडे बंद पडलेल्या रेडिओला चापट मारायचे, त्याच जातीचा उपाय. १९८४चा मॅकिंटॉशही बिनपंख्याचाच होता, पण १९८७च्या मॅकिंटॉश एसईमध्ये पंखा आलाच.

आयबीएमने असला हट्ट धरला नाही. ऑगस्ट १९८१मध्ये आलेल्या त्यांच्या पीसीत ६३.५ वॉटचा वीजपुरवठा होता आणि त्यातच एक पंखा. पेटीतली सगळी गरम हवा बाहेर ओढायचं काम त्या एकट्याचं. प्रोसेसरवर ना पंखा, ना उष्णता पसरवणारी ॲल्युमिनियमची फणी. पुढे जगभरात ज्या नकला निघाल्या त्यांनी ही मांडणी जशीच्या तशी उचलली, आणि संगणक म्हणजे सतत गुणगुणणारी पेटी हे समीकरण पक्कं झालं.

मग उष्णता वाढत गेली. १९९३च्या पेंटियमपासून प्रोसेसरवर स्वतंत्र पंखा दिसू लागला. १९९५मध्ये इंटेलने एटीएक्स ही मांडणी ठरवून दिली. मदरबोर्डचे, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य पाटीचे स्क्रू कुठे, मागच्या खाचा कुठे, हे आजच्या कॅबिनेटमध्येही तिच्याच हिशेबाने असतं. मूळ एटीएक्समध्ये एक गमतीशीर कल्पना होती. एसएमपीएसच्या पंख्यानेच बाहेरची हवा आत घेऊन प्रोसेसरवर सोडायची, म्हणजे एका पंख्यात दोन कामं. पण ती हवा आधी एसएमपीएसच्या पोटातून गरम होऊन यायची. कल्पना लवकरच मागे पडली आणि पंखे वाढत गेले.

आपल्याकडे तेव्हा 'असेंबल्ड'चा जमाना होता. फिकट रंगाचं पत्र्याचं कॅबिनेट, त्यातच एसएमपीएस आलेला, त्यामुळे कॅबिनेट 'निवडायचं' असतं हेच ठाऊक नव्हतं. पत्रा इतका पातळ की बाजूचं झाकण हाताने दाबलं की थरथर थांबायची, सोडलं की पुन्हा सुरू. फटीत कागदाची घडी खुपसणं हा सर्वमान्य इलाज होता. एप्रिल उजाडला की झाकणच काढून ठेवायचं आणि समोर टेबल फॅन लावायचा. त्यात लोडशेडिंगच्या वर्षांत यूपीएसची टिवटिव. शांत संगणक हवा असं त्या काळी म्हणणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं.

परदेशातही कहर झाला तो २००३-०४मध्ये. एनव्हिडियाचं जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा हे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणारा स्वतंत्र भाग, २००३मध्ये आलं. त्याच्या पंख्याला लोकांनी 'डस्टबस्टर' म्हणजे हातातला व्हॅक्यूम क्लीनर असं नाव ठेवलं. खुद्द कंपनीनेच त्याची टर उडवणारा व्हिडिओ काढला. फेब्रुवारी २००४मध्ये आलेला इंटेलचा 'प्रेस्कॉट' पेंटियम फोर प्रोसेसर १०० वॉटच्या पुढे गेला. ही उष्णता हाकलण्यासाठी इंटेलने बीटीएक्स नावाची नवी मांडणी आणली, पण ती रुजायच्या आत इंटेलनेच वाट बदलली. जुलै २००६चा कोअर टू ड्युओ ६५ वॉटवर आला आणि बीटीएक्सची गरजच संपली. माझ्या मते शांत संगणकाच्या इतिहासात कुठल्याही कॅबिनेटपेक्षा ह्या ६५ आकड्याचं श्रेय मोठं आहे.

ह्याच गोंगाटाच्या काळात थोडे लोक आवाजाच्या मागे लागले. कॅनडात माइक चिन यांनी २००२पासून 'सायलेंट पीसी रिव्ह्यू' नावाने आवाज मोजून परीक्षणं छापायला सुरुवात केली. त्यातून एक गोष्ट ठसठशीतपणे पुढे आली, आणि पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे : पंखा मोठा असावा आणि हळू फिरावा.

हिशेब असा. पंख्याचा वेग अर्धा केला तर हवा अर्धीच मिळते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबल उतरले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, म्हणजे १५ ही फार मोठी घट झाली. गेलेली हवा भरून काढायची पंख्याचा आकार वाढवून. जुन्या कॅबिनेटमध्ये ८० मिलिमीटरचे पंखे असत; १२० मिलिमीटरच्या पंख्याचं तोंड त्याच्या सव्वादोनपट. त्यामुळे तीच हवा तो निवांत फिरत देतो. शिवाय छोट्या पंख्याचा आवाज चिरका असतो, मोठ्याचा नुसता वाऱ्यासारखा, आणि वाऱ्यासारखा आवाज मन पटकन विसरतं. छताचा पंखा रात्रभर चालतो, झोप मोडत नाही; डास मोडतो.

अँटेक या कंपनीने २००५मध्ये चिन यांच्या सल्ल्याने पी१८० नावाचं कॅबिनेट काढलं. आजच्या बहुतेक सवयी त्यात सापडतात. १२० मिलिमीटरचे पंखे, एसएमपीएस वर न ठेवता तळाशी आणि वेगळ्या कप्प्यात, हार्ड डिस्कखाली मऊ रबर, आणि तीन थरांची झाकणं. वजन रिकामं असतानाच १४ किलोच्या आसपास.

त्यातल्या रबराबद्दल थोडं थांबायला हवं, कारण ते मागवाल्याला चटकन कळतं. आवाज दोन वाटांनी येतो. एक हवेतून थेट कानात. दुसरा धक्क्याधक्क्याने जमिनीतून, भिंतीतून. घरात माग बसवताना पायाखाली रबर का घालतात? खटखट कमी होत नाही, पण वरच्या खोलीतली भांडी वाजायची थांबतात. हार्ड डिस्कचं तेच. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी ती तबकडी पत्र्याला घट्ट आवळली की अख्खं कॅबिनेट ढोलकीसारखं बोलायला लागतं, आणि कॅबिनेट लाकडी टेबलावर असेल तर टेबलही. चार रबरी वायसरांनी जे होतं ते इंचभर जाडीच्या फोमने होत नाही.

पण बाजारात फोमच जास्त खपला. २०१०च्या आसपास स्वीडनच्या फ्रॅक्टल डिझाइनची 'डिफाइन' मालिका गाजली. झाकणांना आतून डांबरासारख्या बिट्युमेनचा जड थर, समोर बंद दार, वर आणि बाजूला पंख्यांच्या जागा झाकणाऱ्या ताटल्या. जर्मनीच्या 'बी क्वाएट'नेही पुढे त्याच वाटेची कॅबिनेटं काढली. काळी, गुळगुळीत, कपाटासारखी, दिसायलाही शांत. बिट्युमेनने पत्र्याची थरथर खरंच मरते. फोम मात्र वरच्या पट्टीतला चिरकेपणा तेवढा शोषतो, खालचा घुमणारा हूं जवळजवळ तसाच निसटतो. आणि दार बंद केलं की हवा बाजूच्या अरुंद फटींतून ओढावी लागते. म्हणजे पंख्याला जोर जास्त, जोर म्हणजे वेग, वेग म्हणजे आवाज. जो कोंडायचा, तोच वाढवून कोंडायचा!

तरी ती कॅबिनेटं त्या काळात शोभली, कारण आत तसा ऐवज होता. एक नाहीतर दोन खुडखुडणाऱ्या हार्ड डिस्क, सीडीची घरघर, आणि फार न तापणारा प्रोसेसर. पुढे हा ऐवजच बदलला. २००८पासून हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या एसएसडी घरगुती बाजारात येऊ लागल्या, त्यांत फिरणारं काहीच नाही. चार तारांच्या पीडब्ल्यूएम पंख्यांमुळे मदरबोर्ड तापमान पाहून वेग बारकाईने कमी-जास्त करू लागला. २०१४च्या सुमारास ग्राफिक्स कार्डांचे पंखे काम नसताना पूर्ण थांबायला लागले. कोंडायला आवाजच फारसा उरला नाही.

उलट उष्णता परतली. २०२०च्या आरटीएक्स ३०८० या ग्राफिक्स कार्डाला ३२० वॉट लागतात, म्हणजे पहिल्या आयबीएम पीसीच्या अख्ख्या वीजपुरवठ्याच्या पाचपट. २०२२च्या ४०९०ला ४५०. मध्ये काही वर्षं समोरच्या बाजूलाही काच लावायची टूम निघाली, तिच्याबद्दल न बोललेलं बरं. पण २०१७मध्ये त्याच फ्रॅक्टलने समोर जाळी असलेलं 'मेशिफाय सी' आणलं आणि २०२१मध्ये समोर १८० मिलिमीटरचे दोन पंखे असलेलं 'टॉरेंट'. ज्यांनी दार बंद करायला शिकवलं त्यांनीच जाळी उघडी टाकली.

आता सोलापूर. ही सगळी परीक्षणं वीस-बावीस अंशांच्या खोलीत केलेली असतात. पेटीतला कुठलाही भाग खोलीपेक्षा इतके अंश जास्त, अशाच हिशेबाने तापतो. एखादं कार्ड खोलीपेक्षा ५० अंश वर जात असेल तर तिकडे ते ७२वर थांबतं. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीसुद्धा वरच्या मजल्यावरची खोली ३६वर असते. म्हणजे ८६, आणि पंखा पूर्ण वेगात. भाच्याची अडचण तर त्याहून नाजूक. निवेदन बोलताना कूलर बंद करावा लागतो, छताचा पंखाही. खोली तापायला लागते, आणि नेमका त्याच वेळी संगणकाचा पंखा चढतो. फोमच्या बंद कॅबिनेटमध्ये हे आणखी लवकर होणार.

दुसरी गोष्ट तंतू. चादरी-टॉवेलच्या सुताचे बारीक तंतू हवेत तरंगतात. साधी धूळ आत जाऊन भुरभुरीत बसते, ब्लोअर मारला की उडते. सुताचे तंतू प्रोसेसरच्या फणीवर नमदा विणतात. भाच्याच्या जुन्या संगणकाचं झाकण उघडलं तेव्हा पंख्यामागे करड्या रंगाची अखंड गादी निघाली, चिमटीत धरून सोलावी अशी. जुनी घरघर बहुतेक तिचीच होती.

म्हणून जाळीचं कॅबिनेट ठरवलं. समोर १४० मिलिमीटरचे दोन पंखे आत हवा घेणारे, मागे एकच बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त असली की फटीफटींतून ती बाहेर ढकलली जाते आणि तंतूंना समोरच्या फिल्टरशिवाय वाट राहत नाही. फिल्टर समोरून, स्क्रू न उघडता निघणारा हवा. नाहीतर तो कोणी धूत नाही. एसएमपीएसच्या खालचा फिल्टर मागून सरकवून निघतो ना, हेही पाहून घेतलं. नवी पेठेत हवं ते मॉडेल नव्हतं, पुण्याहून मागवावं लागलं. दुकानदार काचेचं, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट पुढे करत होता. भाच्याची नजर त्यावर दोनदा गेली, हे मी पाहिलं.

पंख्यांचा वेग एका अंशाच्या चढउताराने खालीवर होऊ नये अशी सेटिंग बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावर लावली. एकसारखा हलका आवाज रेकॉर्डिंगमधून सॉफ्टवेअर पुसून काढतं, चढउतार करणारा नाही. दोन प्रोफाइल करून ठेवली आहेत, एक मार्च ते जून आणि एक बाकीच्या महिन्यांसाठी. फिल्टर धुवायचा वार त्याच्या आईने ठरवला. रविवारी घरातले पंखे पुसायचे असतात, त्याच फडक्याने.