बायोकेमोथेरपी

शरीरभर पसरलेल्या मेलॅनोमावर केमोथेरपी आणि इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती चेतवणारे उपचार) जोडीने देण्याची पद्धत म्हणजे बायोकेमोथेरपी. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा हा कर्करोग वेळेत सापडला तर शस्त्रक्रियेने निघतो. फुफ्फुस, यकृत किंवा मेंदू गाठल्यावर मात्र डॉक्टरांच्या हाती अनेक वर्षे फारसे काही नव्हते. अमेरिकेत १९७५ साली मान्यता मिळालेल्या डकार्बाझिन या केमोथेरपीच्या औषधाने मोजक्याच रुग्णांच्या गाठी आकसत, त्याही बहुधा काही महिन्यांपुरत्या. प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या इंटरल्युकिन-२ या प्रथिनाचा गुण त्याहून कमी जणांना टिकाऊ येई, पण ज्यांना येई त्यांतले काही वर्षानुवर्षे रोगमुक्त राहत.

केमोथेरपीने गाठीचा भार उतरवावा आणि उरलेल्या पेशी प्रतिकारशक्तीने टिपाव्यात, या हिशेबाने १९९०च्या दशकात सिस्प्लॅटिन, विनब्लास्टिन व डकार्बाझिन या केमोथेरपीच्या औषधांना इंटरल्युकिन-२ आणि प्रतिकारशक्तीवरच काम करणाऱ्या इंटरफेरॉन-आल्फाची जोड दिली गेली. उपचार फार कष्टाचा होता. इंटरल्युकिन-२ चार दिवस अखंड शिरेतून चाले. त्याने केशवाहिन्या पाझरू लागत, रक्तदाब उतरे, अंगावर सूज चढे. म्हणून रोज वजन करून किती पाणी साठले ते पाहावे लागे. ताप, हुडहुडी, उलट्या होत्याच, शिवाय प्लेटलेट्स घटत. इतके सोसायची तयारी रुग्ण दाखवत, कारण सुरुवातीच्या छोट्या चाचण्यांत निम्म्याच्या आसपास रुग्णांच्या गाठी लहान झाल्या होत्या.

मोठ्या चाचणीने ही आशा मोडली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ३९५ रुग्णांच्या तुलनेत गाठी आकसण्याचे प्रमाण नुसत्या केमोथेरपीत १३.८ टक्के, तर जोडउपचारात १९.५ टक्के निघाले. मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण किमान जितका काळ जगले तो) मात्र ८.७ विरुद्ध ९ महिने, म्हणजे जवळपास तेवढेच. स्कॅनवर गाठ लहान दिसली म्हणून माणूस जास्त जगेलच असे नाही, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसते.

२०११ साली इपिलिमुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध आणि डकार्बाझिन एकत्र दिल्यावर मध्यक आयुष्य नुसत्या डकार्बाझिनच्या ९.१ वरून ११.२ महिन्यांवर गेले, पण यकृताला इजा होण्याचे प्रमाणही बरेच वाढले. पुढे निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाने एकट्यानेच डकार्बाझिनला मागे टाकले: वर्षभरानंतर ७२.९ टक्के रुग्ण हयात, डकार्बाझिन घेणाऱ्यांत ४२.१ टक्के. आता मेलॅनोमात केमोथेरपीची पाळी बहुधा बाकीचे उपाय थकल्यावर येते. फुफ्फुसाच्या कर्करोगात मात्र केमोथेरपी आणि पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध ही जोडी अनेक रुग्णांचा पहिलाच उपचार ठरली आहे.