जिवा वेगळा, शिवा वेगळा : म्हणीतला 'शिवा' नक्की कोण?

जुलै उजाडला, पन्हाळा-पावनखिंड ट्रेकचे चिखलातले फोटो यायला लागले की एक फॉरवर्ड हमखास येतो. फोटो पन्हाळ्यावरच्या शिवा काशिदच्या पुतळ्याचा आणि खाली ठळक अक्षरात 'होता जिवा म्हणून वाचला शिवा'. आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी टाकला, धडाधड हात जोडलेले इमोजी पडले, मी म्हटलं काका ही म्हण याची नाही हो, तर म्हणे "भावना समजून घे". भावना समजली, पण माणूसच चुकला ना! ज्याने एवढं केलं त्याच्या पुतळ्याखाली दुसऱ्याचं श्रेय चिकटवलंय आणि ज्याची म्हण आहे तो फोटोत कुठेच नाही, म्हणजे एका फटक्यात दोघांवर अन्याय.

तर आधी म्हण सोडवून टाकू. म्हणीतला 'जिवा' म्हणजे जिवा महाला आणि 'शिवा' म्हणजे खुद्द शिवाजी महाराज. शिवा काशिद त्या म्हणीत नाहीच. प्रसंग प्रतापगडाचा, अफझलखानाच्या भेटीचा, १० नोव्हेंबर १६५९. शिवा काशिदचा प्रसंग पन्हाळ्याचा, महाराज वेढ्यातून निसटले त्या १२ जुलै १६६० च्या रात्रीचा, म्हणजे मध्ये आठ महिने, एक गड सातारा जिल्ह्यात आणि दुसरा कोल्हापुरात.

आता गोंधळ होतो यात लोकांची तरी काय चूक म्हणा. नावं यमक जुळवल्यासारखी. दोघंही नाभिक समाजातले ('महाला' हा शब्दच जुन्या मराठीत न्हाव्याला वापरायचे). दोन्ही वेळा समोर विजापूरची आदिलशाही, दोन्ही वेळा महाराजांच्या जिवावर बेतलेलं, आणि गंमत म्हणजे दोन्ही गोष्टींत एक पालखीसुद्धा आहे, फक्त प्रतापगडाखालची पालखी खानाची आणि पन्हाळ्याखालची शिवा काशिदची. शाळेत चौथीला दोन्ही धडे पाठोपाठ शिकलेले, त्यानंतर कुणी पुस्तक उघडलेलं नाही, मग डोक्यात खिचडी होणारच.

जिवाचं आधी सांगतो कारण ते पटकन होतं, अक्षरशः पटकन, कारण त्याच्या पराक्रमाला लागलेला वेळ एक श्वास घेऊन सोडण्याइतकाच. भेटीचं ठरलं तेव्हा दोन्ही बाजूंनी मोजकेच अंगरक्षक आणायचे असं ठरलेलं, दहा-दहा. महाराजांच्या दहा जणांत जिवा महाला, संभाजी कावजी, येसाजी कंक, सिद्दी इब्राहीम अशी मंडळी. खानाकडे दांडपट्टा चालवण्यात नावाजलेला सय्यद बंडा नावाचा माणूस होता आणि त्याला लांब उभा करा असा आग्रह महाराजांच्या बाजूने धरला गेला होता, म्हणजे धोका कुठून येणार हे आधीच हेरलेलं. शामियान्यात मिठी मारताना खानाने दगा केला, महाराजांच्या अंगात चिलखत होतं म्हणून वार निभावला, वाघनखं आणि बिचवा चालला, खान कोसळला, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्यानंतरचं विसरलं जातं. सय्यद बंडा पट्टा परजत धावून आला. सभासद बखरीत हे वाचायला मजा येते, महाराज त्याचे चार वार अडवतात, पाचवा बसणार तेवढ्यात जिवा मधे पडतो आणि खांद्यावर असा घाव घालतो की पट्ट्यासकट हात तुटून पडतो. संपलं. तिकडे खानाला पालखीत घालून पळवायला निघालेल्या भोयांच्या पायांवर संभाजी कावजीने वार केले, पालखी खाली आली आणि त्याने खानाचं डोकं आणलं. (जाता जाता, पोस्टरवर जिवाने दांडपट्ट्याने हात उडवलेला दाखवतात पण बखरीतला तो घाव फिरंगेचा आहे, म्हणजे सरळ लांब पात्याची तलवार. त्याच्याकडे पट्टा, फिरंग आणि ढाल तिन्ही होतं.)

जिवाने तिथे विचार केला नाही, करायला वेळच नव्हता, हात आपोआप गेला. पण तो हात आपोआप जायला आयुष्यभराची मेहनत लागते, पहाटे उठून घाम गाळलेला असतो तेव्हा कुठे पाचव्या वाराच्या आत तलवार पोचते. शिवाय भेटीला कोणाला न्यायचं हे महाराजांनी निवडलेलं, त्यामुळे अर्धी अक्कलहुशारी त्या निवडीतच आहे.

शिवा काशिदची गोष्ट याच्या बरोबर उलटी. तिथे तलवार उपसायचीच नव्हती.

खान पडल्यावर महाराज थांबले नाहीत, १८ दिवसांत, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा घेतला. मग विजापूरहून सिद्दी जौहर आला, मार्च १६६० मध्ये वेढा पडला आणि महाराज आत अडकले. वेढ्यात अफझलखानाचा मुलगा फाजलखानसुद्धा होता, बापाचा हिशोब चुकवायला आलेला, म्हणजे प्रतापगड आणि पन्हाळा या दोन गोष्टी वेगळ्या असल्या तरी एकमेकींना गाठ मारलेल्या आहेत. राजापूरच्या इंग्रजांनी पण तोफा आणून गडावर डागल्या (त्याची वसुली महाराजांनी पुढच्या वर्षी राजापूरची वखार लुटून केली, ते एक बरं झालं). बाहेरून नेताजी पालकरने वेढा फोडायचा प्रयत्न केला, जमलं नाही. पावसाळा आला की वेढा ढिला पडेल असा साधा हिशोब असतो, पण जौहर पक्का निघाला, पावसातही तो हलला नाही. त्यात उत्तरेकडून शाइस्ताखान पुण्यात येऊन बसलेला. चार महिने उलटून गेले, आता गडावर बसून राहणं परवडणारं नव्हतं.

मग डाव असा रचला. वकील म्हणून गंगाधरपंतांना जौहरकडे पाठवलं, महाराज शरण यायला तयार आहेत असा निरोप. शत्रू उद्या स्वतःच चालत येणार म्हटल्यावर चार महिने भिजलेल्या पहारेकऱ्यांचं काय होणार, सैल पडले. त्याच रात्री धो धो पावसात साधारण ६०० मावळे घेऊन महाराज निघाले, आणि पालख्या दोन. एक महाराजांची, ती आडवाटेने विशाळगडाकडे. दुसरी सरळ, सापडेल अशा वाटेने, तिच्यात महाराजांचा पोशाख घालून बसलेला पायथ्याच्या नेबापूरचा शिवा काशिद, चेहरेपट्टी महाराजांशी मिळतीजुळती असलेला.

ही दुसरी पालखी पकडली जाण्यासाठीच निघाली होती. नीट विचार करा, ती निसटली असती तर प्लॅन फसला असता! पाठलाग करणाऱ्यांना 'सापडला' असं वाटायला हवं होतं, म्हणजे ते थांबतील, आनंद करतील, पालखी छावणीत नेतील, जौहरसमोर उभं करतील, आणि या सगळ्यात जेवढा वेळ जाईल तेवढी खरी पालखी पुढे सरकेल. म्हणजे शिवाचं खरं काम पालखीत बसणं हे नव्हतंच, ते पकडल्यावर सुरू झालं. सोंग जेवढं जास्त टिकेल तेवढी कोसं पदरात. घाबरून लवकर बोलला असता, आवाज कापला असता, तर तेवढी कोसं गेली. आणि सोंग कधी ना कधी उघडं पडणार आणि मग काय होणार हेही त्याला गडावर कपडे चढवतानाच माहीत होतं. तसंच झालं, ओळख पटली आणि त्याला मारलं.

त्यानंतर जौहरचा जावई सिद्दी मसूद घोडदळ घेऊन मागे लागला आणि पुढची घोडखिंड (म्हणजे आजची पावनखिंड) बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांच्या सैन्याने कशी अडवून धरली ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वेगळं लिहायला पाहिजे म्हणून इथे लांबवत नाही. फक्त एवढंच, की मसूद खिंडीशी उशिरा पोचला तो उशीर शिवा काशिदचा आहे. पन्हाळा ते विशाळगड साठेक किलोमीटर, सगळा चिखल, जळवा, ओढे, कोरड्या उन्हात आजही दोन दिवस लागतात आपल्याला बूट घालून, ते लोक रात्र आणि दुसरा दिवस पळत होते. तिथे एकेक तासाची किंमत काय असेल ते ट्रेक केलेल्यांना सांगायला नको.

कोण मोठा असं विचारू नका, मला तसं तोलता येत नाही. पण माझं मत विचाराल तर अंगावर काटा जास्त शिवा काशिदच्या गोष्टीने येतो. जिवाकडे तलवार होती, शेजारी नऊ जण होते आणि जिंकायची शक्यता होती, तो जिंकला आणि परत घरी गेला. शिवाकडे यातलं काहीच नव्हतं. आणि तरी म्हण जिवाची झाली, कारण जिवा-शिवा यमक जुळतं. शिवाची म्हण करायची तर 'गेला शिवा म्हणून वाचला शिवा' असं काहीतरी म्हणावं लागेल, मग तर काकांचा अजूनच गोंधळ.

जिवा महालाची समाधी भोर तालुक्यात आंबवड्याला आहे, कान्होजी जेध्यांच्या समाधीजवळ, रायरेश्वरला जाणारे बरेच जण ती न बघताच पुढे जातात. शिवा काशिदची नेबापूरच्या बाजूला, पन्हाळ्याच्या पायथ्याशी. पुढच्या जुलैत ट्रेकला जाल तेव्हा बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी सेल्फी काढून लगेच बस पकडू नका, तिकडे पण जाऊन या, आणि फोटो टाकलात तर कॅप्शनमध्ये प्लीज ती म्हण नको.